सांडायचं पाणी

गाव सोडलं त्या दिवशी मेंढरं भावाच्या हवाली केली. दौलताबादच्या फाट्यापर्यंत आबा, म्हणजे माझे वडील, सोबत चालत आले. गाडी दिसल्यावर एवढंच बोलले, "कुठं बी ऱ्हा, पाणी सांडू नको." लागोपाठचा दुसरा दुष्काळ होता. तेवढं एकच वाक्य घेऊन शहरात आलो.

शहराच्या छावणी भागात खोली केली. चौथीत शाळा सुटलेल्या मला एका कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायचं काम लागलं. तिथं एक मॅडम पीएचडीसाठी उन्हातून वीज काढणारे खडे बनवायच्या. खडे इतके बारीक की डोळ्याला दिसत नाय, दिसतो तो रंग. काचेच्या चंबूतलं तेल तापलं की आधी पिवळा, मग नारिंगी, खडा वाढला की लाल. तेच काचेवर पसरलं की स्वस्तातली सोलर प्लेट.

चंबू डिस्टिल पाण्यानं तीनदा खळबळायचा आणि ते पाणी वेगळ्या कॅनमध्ये टाकून द्यायचं, असा नियम. गावाकडच्यांनो, तुम्हीच सांगा, आरशासारखं नितळ पाणी टाकवेल का? पहिल्या चंबूचं शेवटचं पाणी मी गुपचूप माझ्या बादलीत धरून दुसऱ्याला वापरायचो, दुसऱ्याचं तिसऱ्याला.

मॅडमचा रंग दर खेपेला गढूळ उतरायचा. त्यांचे साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत जमलं नाय तर हा विषय बंद. माझ्या पोरीच्या वयाच्या त्या मॅडमचा डबा न खाता तसाच परत जायला लागला. तेवढ्यात मी जत्रेला गावी गेलो. मॅडमनं स्वतः चंबू धुतले आणि पहिल्याच खेपेला लालभडक रंग आला. परत आल्यावर हे ऐकलं अन् कळलं, माझ्या वाचवलेल्या पाण्यानंच रंग बिघडत होता. दोन दिवस हे मनातच ठेवलं. माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, चार महिने मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त तुमची बादली सोडून."

मी म्हटलं, निदान हे धुतलेलं पाणी कुंडीला तरी घालतो.

"ह्यात विष असतं, काका. झाडालाही चालत नाही."

झाडाला न चालणारं पाणी मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. त्या दिवसापासून तीनदा खळबळून टाकायला लागलो. दिवाळीच्या आधी गच्चीवर त्या प्लेटनं तळहाताएवढा पंखा फिरवला. मॅडमनं साहेबांच्या आधी मला बोलावलं, हे लक्षात ठेवा.

भाऊ विचारतो, घरी कधी येतो? गावी आलो की तोंड धुतलेलं पाणी आजबी लिंबाच्या बुडाला घालतो. इथं टाकायचं ते बिनघोर टाकतो. कुठलं पाणी राखायचं अन् कुठलं सांडायचं हे जिथं मला कुणाला विचारावं लागत नाय, ते माझं घर. अशी माझी दोन हायेत.