कागदाची मागची बाजू

अव्वा, गाडी जुंपली तेव्हा तू वाकळ वैनीच्या, तुझ्या सुनेच्या, खाली अंथरलीस आणि म्हणालीस, "सोलापूर येस्तवर हिच्यावरनं उठायचं न्हाय." मला वाटलं, सातवा महिना, गाडीचे हिसके, म्हणून म्हणतेयस. नुकतं उजाडत होतं. मुरूमची वेस मागं पडली तरी मी रडले नाही. मी मनातल्या मनात निजामाविरुद्धचं पत्रक रचत होते. तेव्हा मला तेवढंच येत होतं.

हे मी तुझ्यासाठी लिहितेय, आणि आपल्या गल्लीतल्या सगळ्याजणींसाठी. माझ्यासारख्या ज्या निजामाची हद्द ओलांडून इकडं आल्या, त्यांनीही वाचावं.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली. ट्रंक उपसली, पिठाच्या डब्यात हात घातला, वैनीच्या तीन वर्षांच्या चंद्रीचं गाठोडंसुद्धा सोडलं. मग वैनीला उतर म्हणाले. वैनी जागची हलली नाही. म्हणाली, "पोट चिरलेली बाई हाय मी. उतरवायचं तर तुमीच धरून उतरवा." शिपाई दोन पावलं मागं सरला.

मला तिचा राग आला. कारण तो शब्द गल्लीचा होता. उमरग्याला, माहेरी, पहिल्या खेपेला तिचं मूल आडवं आलं. सुईणीनं दोन दिवस हात टेकेपर्यंत खटपट केली, मग गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पोट चिरून चंद्रीला बाहेर काढलं. मायलेकी दोघी जगल्या. आणि तुम्ही तिचं नाव काय पाडलंत? चिरलेली. आता हिला दुसरं व्हायचं नाही, झालं तर ही राहायची नाही, पोराला वेळेत दुसरी करून द्या. बायांनो, लपवू नका, मी माझ्या कानांनी ऐकलंय. सत्याग्रहात दादा तुरुंगात गेला तेव्हा तो सरकारच्या तावडीत सापडला, पण तुमच्या तावडीतनं सुटला, असं मला वाटलं होतं.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत एक खोली मिळाली. मुरूमला उजाडायचं, इथं भोंगा होतो. तिथं आड होता, इथं नळ. आणि नळाला आपल्या भाषेत भांडून चालत नाही, सोलापुरी तेलुगू यावं लागतं. मी आठवड्यात शिकले. वैनी खिडकीशी बसून पोटावर हात ठेवायची. तिच्या मनात एकच होतं, आपण यातनं उठणार का.

नवव्यात आम्ही बायकांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पातळातल्या, हळू बोलणाऱ्या. मी त्यांच्यापुढं भाषणच केलं. एकदा कापलेल्या बाईला दुसऱ्यांदा कापावंच लागतं, हे शास्त्र आहे, तुम्ही तारीख द्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे शास्त्र कुठं वाचलंत?"

वाचलं नव्हतं. लिहिलं होतं. गल्लीला खोटं पाडायला काढलेल्या माझ्याच पत्रकात.

बाई म्हणाल्या, आधीचं पोट का चिरलं आणि आत छेद कुठं घेतला, ते कळलं तर काही सांगता येईल. वरच्या कातडीवरनं आतलं कळत नाही. गुलबर्ग्याचा कागद आहे का?

"देवळीत हुता," वैनी म्हणाली.

 त्या दिवसांत कागद मिळत नव्हता. जो पाठकोरा दिसेल तो मी ओढायची. भिंतीतल्या देवळीतला तो कागद मीच घेतला होता, आणि त्याच्या मागच्या बाजूला आमच्या पोरांवर लादलेल्या उर्दू शाळेविरुद्ध झणझणीत मजकूर लिहिला होता. पुढची बाजू कुणाच्या जिवाची आहे, हे बघितलंही नाही. मग झडती येणार अशी कुणकुण लागली, गाव सोडायचं ठरलं, आणि अव्वा, मी तुला सांगितलं, सगळं चुलीत घाल.

मी हे कबूल करायला तोंड उघडलं, तर वैनी शांतपणे म्हणाली, "वन्सं, वाकळ उसवा."

खोलीवर येऊन मी टाके उसवले. जुन्या लुगड्याच्या दोन थरांमध्ये माझी पत्रकं निघाली, एकेक, घडी न मोडलेली. ती तू आणि वैनीनं मिळून आत शिवली होती. त्यातलं एक सापडलं असतं तर नाक्यावरच आमची गाडी तुरुंगाकडं वळली असती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? वैनी म्हणाली, "तुमच्या तोंडावर दिसलं आस्तं." आणि तुला का जाळावंसं वाटलं नाही, तेही तिनंच सांगितलं. तू म्हणाली होतीस, "लिवलेलं हाय म्हंजे कुणाचं तरी काय तरी असंल." अव्वा, तुला अक्षर ओळखू येत नाही. आणि मी दोन भाषा शिकून तोच कागद जाळायला निघाले होते.

गुलबर्ग्याचा कागद सर्वांत खाली होता. उर्दूत. तो घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो, पण डॉक्टरीणबाईंना उर्दू येत नव्हती. ज्या शाळेला मी मागच्या बाजूवर शिव्या घातल्या होत्या, तिथंच शिकलेली उर्दू मी पुढच्या बाजूवरनं त्यांना वाचून दाखवली. मूल आडवं होतं म्हणून चिरलं. हाडांची वाट रुंद आहे. छेद खाली, आडवा. नंतर ताप नाही. आणि शेवटी, "आइंदा जचगी दवाखाने ही में हो." पुढचं बाळंतपण दवाखान्यातच व्हावं. ज्या राज्याला मी गाडायला निघाले होते, तिथल्या कुणा डॉक्टरानं माझ्या वैनीच्या पुढच्या मुलाचा विचार करून ठेवला होता.

बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. म्हणाल्या, या खेपेला डोकं खाली आहे, तेव्हा हिनं स्वतः बाळंत व्हायचं म्हटलं तर त्या अडवणार नाहीत. पण कळांच्या जोरानं आतला जुना व्रण उसवू शकतो. क्वचितच, पण उसवला तर दोघांच्या जिवावर बेततं. म्हणून आधीच येऊन राहायचं, आणि कापायची तयारी शेजारच्या खोलीत मांडलेली असेल. पुन्हा कापण्यातही धोका आहे, आणि तो दर खेपेला वाढतो.

मी म्हणाले, कापाच.

वैनी म्हणाली, "पत्रक लिवताना माझा कागद मला इचारून घेतला न्हाई. आता तरी इचारा." मग बाईंकडं वळून तिनं सांगितलं, की मागच्या खेपेला चंद्रीला कितीतरी दिवस मांडीवर घेता आलं नाही. नवरा तुरुंगात, नणंद गावभर फिरणार, पुन्हा कापलं तर तिला उठवायला-बसवायला कोण आहे? ती कळा देऊन बघेल. "तुमी थांब म्हनला की थांबंन. कापा म्हनला की कापा."

सकाळच्या भोंग्याला कळा लागल्या. बाई स्टुलावर बसल्या, एक हात वैनीच्या ओटीपोटावर, नजर तिच्या तोंडावर. नाडी मोजायच्या, पुन्हा हात ठेवायच्या. पलीकडच्या खोलीत हत्यारं उकळत होती, त्याचा आवाज येत होता. मी भिंतीशी उभी. मी सभा गाजवल्या आहेत, पण त्या खोलीत मी बाईंच्या हाताकडं बघत राहिले. वैनीचं ते पोट, ज्याला गल्लीनं फाटकं ठरवलं होतं, कळ आली की दगडासारखं घट्ट व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. त्या व्रणावर सारी खोली टांगली होती आणि तो धरून होता. दुपारच्या भोंग्याआधी मुलगी झाली. बाईंनी नंतरही बराच वेळ हात काढला नाही. मग म्हणाल्या, "व्रण शाबूत आहे," आणि पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. संध्याकाळी वैनी दुसऱ्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

आता ते राज्य गेलं. दादा सुटला, वैनी पोरींना घेऊन तुझ्याकडं आली. चंद्री तुला नळाच्या गोष्टी सांगत असेल. मी इथंच राहिले. दवाखान्याच्या ओसरीवर बसते, तिकडून आलेल्या बायांचे कागद वाचून देते, नवे लिहून देते. कुणी घर विचारलं तर मुरूम सांगते, आणि डोळ्यांपुढं वेस येत नाही, वाडी-शिवार येत नाही. तुझ्या हातची ती वाकळ येते, जिच्यात तू न वाचता सगळ्यांचं सगळं ठेवलंस.

या पत्राबरोबर वैनीचा नवा कागद पाठवतेय. बाईंनी सांगितला तसा मराठीत लिहिलाय, आणि खाली उर्दूतही, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला वाचता येईल. तो शिवून ठेव. मागची बाजू मी कोरी सोडली आहे.