गुडघ्यामागची गाठ

गेल्या हिवाळ्यात, ऊसतोड चालू असताना, एका बुधवारी सकाळी माझ्या वडिलांच्या उजव्या पायाची बोटे निळी पडली. आदल्या संध्याकाळी त्याच पायाच्या गुडघ्यामागची गाठ मी चोळली होती.

लोणखेड्याला आमच्या घरी दुखऱ्या सांध्याला मोहाच्या बियांचे तेल कोमट करून चोळतात. गाठ लिंबाएवढी होती आणि बोटांखाली ठोके देत होती. मला ते जाणवले. शीर आखडली असेल असे समजून मी चोळत राहिलो. मी वर्तमानपत्रात नोकरी करतो. पालथे पडलेले वडील म्हणाले, "पेपरवाल्याना हात नरम शे. जोरमा दाब." मी जोराने दाबले.

शहाद्याच्या डॉक्टरांनी गाठीवर दोन बोटे ठेवली आणि कोणी चोळली का, असे विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी पावलावर आणि घोट्यामागे नाडी शोधली. दोन्हीकडे लागली नाही. सोनोग्राफीत दिसले की गुडघ्यामागची रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे आणि आत रक्ताची गुठळी आहे. चोळल्याने तिचे तुकडे सुटून खाली अडकले असावेत, असे ते म्हणाले. पाय वाचवायला काही तासच होते. त्यांनी सुरतेला पाठवले.

गाडीत वडिलांचे पाऊल माझ्या मांडीवर होते. ते थंड होते. नवापूरच्या अलीकडे मी अंगठ्याला चिमटा काढला. त्यांना कळले नाही.

सुरतेच्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवले. डाव्या मांडीतली शीर काढून फुगवट्याच्या वरून खाली जोडायची, अडकलेल्या गुठळ्या ओढून काढायच्या. रक्त खाली उतरले नाही तर पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. संमतीपत्रावर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. सही मी केली.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पांघरुणाखाली हात घातला. तो गुडघ्यापर्यंत पोचला नाही.

"पाय शे ना रे मन्हा?"

"शे, आबा," मी म्हणालो. तेव्हा नाडीचा आवाज फक्त यंत्रात येत होता, बोटाला ती लागत नव्हती.

दुसऱ्या सकाळी परिचारिकेने पावलावर पेनाने खूण केलेल्या जागी माझे बोट ठेवले. नाडी लागली.

पुढे करंगळी काढावी लागली. डाव्या गुडघ्यामागेही लहान फुगवटा सापडला. तो दोन सेंटिमीटरचा झाला की त्याचीही शस्त्रक्रिया करावी लागेल, असे सर्जन म्हणाले. शेवटच्या सोनोग्राफीत त्याची रुंदी दीड सेंटिमीटर होती.