शोभेचं गवत

आई कायमची आमच्याकडे शहरात, महादेवपुऱ्याला राहायला आली ती मूठभर जोंधळा घेऊनच. बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्यांत तिने तो टोकून टाकला. गावाकडे तिने जन्मभर तेच केलं होतं. मला वाटलं, चार पानं येतील आणि वाळून जातील. पण ताटं बघता बघता माझ्या खांद्याला लागली.

माझ्या ऑफिसातल्या मॅडम समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. एकदा चहाला आल्या आणि त्यांनी विचारलं, हे काय लावलंय? मला त्यांच्यापुढे गावठी दिसायचं नव्हतं. "ऑर्नामेंटल ग्रास," मी ठोकून दिलं. नंतर आईने त्याचा अर्थ विचारला, तोही मी निर्लज्जासारखा सांगितला. ती नुसती हसली.

पानं होती तोवर माझं खोटं खपलं. मग शेंड्याच्या पानाचं देठ फुगलं. "पोटरीत आलाय रं," आई सांगायची, घरात कुणाचे दिवस भरत आल्यासारखं. कणसं निसवली. फुलोरा आधी टोकाला धरला आणि रोज थोडा थोडा खाली उतरू लागला. आई तो बघत उभी राहायची, आणि मला पडदा ओढून घ्यावासा वाटायचा.

गेल्या रविवारी मॅडम पुन्हा आल्या आणि थेट बाल्कनीत गेल्या. कणीस हातात धरलं तशी बोटांना पिवळी पूड लागली.

"अज्जी, हा जोळच ना?" त्या कन्नडात म्हणाल्या. जोळ म्हणजे जोंधळाच. "आमच्या विजयपूरकडे असाच असायचा. आजोबा आम्हाला कोवळी कणसं भाजून द्यायचे."

आमचं गाव सीमेवरचं, आईला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिचा चेहरा केवढा फुलला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "शोभेचं गवत आहे हे."

मॅडमनी ओशाळून कणीस सोडलं. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

त्या गेल्यावर आईने दार लावलं आणि हळूच विचारलं, "बरोबर सांगितलं न्हवं मी?"

"हो," मी म्हणालो.