खिडक्या कापलेला पुठ्ठा

टाचणे,

पत्र लिहायचं तर मधे निदान एखादं गाव तरी असावं. आपल्यात फक्त एक जिना आहे. तू खाली, मी वर. पण मी समोर येऊन बसले की तुला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं, म्हणून हा उद्योग. आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. यात तुला माहीत नसलेलं फारसं काही नाही. तरी लिहितेय, कारण ती हकीकत तू मनातल्या मनात रोज थोडी थोडी बदलतेस. एक दिवस तू तिच्यात राक्षसीण असतेस, दुसऱ्या दिवशी बिचारी. तू दोन्ही नव्हतीस, आणि मला दोन्हींचा कंटाळा आलाय.

तू धाकटी जाऊ म्हणून या घरात आलीस तेव्हा सासूबाईंनी तुला जवळ घेतलं आणि ‘अगं आई गं’ म्हणून लांब झाल्या. तुझ्या कॉलरच्या आतल्या बाजूला टाचण्या खोचलेल्या होत्या. भावजींनी तिथल्या तिथे तुझं बारसं केलं. पुढे शाळेतल्या मुलांनीही, कुणी न सांगता, तुला टाचणीच म्हणायला सुरुवात केली. तेव्हा नाव बरोबरच असणार.

शाळेत तू शिवण शिकवायचीस. कोपऱ्यातली लांबट खोली, दोन्ही भिंतींना लावलेली पायमशिनं, मधे कापड बेतायचं मोठं टेबल. मी एकदा तुझा डबा द्यायला आले होते. एक मुलगी बाही लावून घेऊन आली. तू ती उजेडात धरलीस, मोजपट्टी लावलीस आणि एकच शब्द बोललीस, “उसव.” मुलीने तोंड पाडलं. तू म्हणालीस, “अगं, उसवायची कसली लाज? वाकडी बाही घालून हिंडायची लाज.” मुलगी हसली आणि उसवायला बसली. मी ऑफिसात जन्म घालवला, साहेब लोकांच्या हाताखाली. माझ्या चुका मला कुणी इतक्या सरळपणे दाखवल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं. हे तुला कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मग मुख्याध्यापकांना जग जवळ आल्याचा साक्षात्कार झाला. मुलं इथे बसून सातासमुद्रापलीकडच्या लोकांची कामं करणार, आपण त्यांना तयार करायला हवं, वगैरे. चूक काही म्हणाले नाहीत ते. पायमशिनं जिन्याखाली गेली आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले. शिकवायला माणूस मात्र आला नाही. मुख्याध्यापक तुला म्हणाले, “बाई, खोली तुमचीच आहे, तुम्हीच घ्या. हात चालण्याशी कारण.” तुला प्रशिक्षणाला धाडलं. पहिल्या दिवशी परत आलीस ती चपला न काढता तशीच माझ्या पलंगावर येऊन बसलीस.

“ताई, तो शिकवणारा म्हणतो, चुकलं तरी काही बिघडत नाही. मागे जाता येतं.”

“मग बरंच आहे की. उसवण्यासारखंच.”

“बरं कसलं? आधी चुकलंय हे कळायला तर हवं. मला तिथे बरोबर काय तेच दिसत नाही. सगळंच चकचकीत.”

खरं दुखणं तेच होतं. कापडावर तुझा डोळा चुकत नसे. पडद्यावर तुला डोळाच नव्हता. आणि विचारायचं कुणाला? मुलांना विचारलं तर मान जातो, असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. मी म्हटलं, “पोरांना विचार, त्यांना येतं.” तू म्हणालीस, “मग मी कशाला आहे तिथे?” भावजी म्हणाले, “पंखे बंद करायला.” ते तुला लागलं.

पुढे तू जे केलंस ते फक्त शिवणाच्या बाईलाच सुचू शकतं. प्रशिक्षणात दाखवलेलं नमुन्याचं पान तू पडद्यावर उघडलंस, त्याच्यावर जाड पुठ्ठा धरलास आणि कपड्याचा कापतात तसा त्या पानाचा फर्मा कापलास. वर मथळ्याची आडवी खिडकी, डावीकडे चित्राची चौकोनी, खाली मजकुराच्या तीन उभ्या. मुलांनी पान तयार केलं की तू हा पुठ्ठा पडद्याला लावायचीस. मथळा, चित्र, मजकूर आपापल्या खिडकीत दिसले की पूर्ण गुण. बोटभर बाहेर गेलं की वजा. तू तो मला दाखवलास तेव्हा मी पोट धरून हसले, पण अक्कल मात्र मानली. कडा किती स्वच्छ कापल्या होत्यास. मुख्याध्यापक तर खूशच झाले. गुण कसे द्यायचे हा घोर सगळ्याच शाळांना होता. त्यांनी तसे फर्मे करवून घेतले आणि ओळखीच्या शाळांना वाटले. तू पुन्हा ताठ चालायला लागलीस. मुलंही बघता बघता तयार झाली. तयार म्हणजे डोळे मिटून तेच पान करू शकतील इतकी.

मग ते काचेच्या इमारतीतलं ऑफिस आलं. परदेशी कंपन्यांची कामं तिथे होतात. त्यांनी कळवलं की प्रत्येक शाळेतल्या एका मुलाला ते शाळा सुटल्यावर आपल्याकडे शिकवतील आणि पुढे कामालाही घेतील. निवड शिकवणाऱ्या बाईंनी करायची. विषय त्यांनीच दिला होता. आपल्या गल्लीतल्या एखाद्या दुकानाचं असं पान करा की दूरदेशी बसलेल्या गिऱ्हाइकाने ते बघून थांबावं.

आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मुलगी तुझ्या वर्गात होती. तिने बापाच्या दुकानाचं पान केलं. आख्ख्या पडद्यावर एक चुरगळलेला शर्ट. त्याच्यावर माउस नेला की इस्त्री फिरत जायची, सुरकुत्या जायच्या आणि शर्टाच्या पाठीवर अक्षरं उमटायची. तुम्ही तिकडे आहात, तुमचे आईवडील इकडे आहेत, त्यांचे कपडे आम्ही घरून नेऊ आणि घरी आणून देऊ. हेच आणखी दोन भाषांत. मथळा नव्हताच. नाव होतं ते खाली, शर्टाच्या खालच्या शिवणीजवळ.

तू मला नंतर सांगितलंस, “ताई, मी तो शर्ट परत परत सपाट करून बघितला.” म्हणजे तुला कळलं होतं. पहिल्यांदाच त्या पडद्यावर तुला बरोबर काय ते दिसलं होतं. आणि मग तू पुठ्ठा लावलास. वरच्या खिडकीत कॉलर, डाव्या खिडकीत बाही, खालच्या तिन्हींत नुसतं पांढरं.

मुलगी म्हणाली, “बाई, पुठ्ठा जरा बाजूला ठेवून बघा ना.”

तू म्हणालीस, “एकाला बाजूला ठेवला तर सगळ्यांनाच ठेवावा लागेल.”

तिला नापास केलंस. वर, ऑफिसातले पाहुणे बघायला यायच्या आधी सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मापात न बसलेली पानं काढून टाका म्हणालीस, बेतून झाल्यावर चिंध्या झाडतात तशी. तिने स्वतःच्या हाताने आपलं पान पुसलं. वर्गप्रमुखाची निवड झाली. त्याचा मथळा खिडकीत केसभरही हलत नव्हता.

ऑफिसातून आल्या त्या बाई, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी रांगेतून चालत एकेक पडदा बघितला. सगळीकडे एकच पान, फक्त दुकानांची नावं वेगळी. वर्गप्रमुखाला त्या म्हणाल्या, “आता तुला हवं ते कर. कुठल्याही विषयावर.” त्याने तेच पान केलं. झरझर केलं बिचाऱ्याने. हे असंच का, विचारल्यावर त्याने अभिमानाने टेबलावरचा पुठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. “बाईंनी कापलाय.”

त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि वरच्या खिडकीतून तुझ्याकडे बघितलं. मागे पोरं फिसकन हसली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “एका मापाची पानं आमच्याकडे आता यंत्रच करतं, बाई. आम्हाला माणूस हवाय तो याच्या बाहेरचं काही करणारा. वर्गात कुणी वेगळं केलं होतं का?”

ती मुलगी तिसऱ्या रांगेत उभी होती. तिने तुझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापकांनीही बघितलं.

आणि तू म्हणालीस, “नाही. तसं कुणी केलं नाही.”

हे तू मला त्याच संध्याकाळी बटाटे सोलताना सांगितलंस. सोलता सोलता बटाट्याची गोटी झाली तरी तुझी सुरी थांबेना. त्या बाई जाताना म्हणाल्या होत्या की आठवडाभर जागा मोकळी ठेवते, कुणी आठवलं तर कळवा. मी म्हटलं, “मग रडतेस कशाला? फोन कर.”

“काय सांगू? मी खोटं बोलले म्हणून?”

“हो. एवढंच. पान ती पोरगी पुन्हा करेल.”

“मुख्याध्यापकांनी तो फर्मा किती शाळांत वाटलाय, ताई. त्यांना काय वाटेल? आणि वर्गप्रमुखाच्या आईवडिलांना?”

“तुला काय वाटतंय ते बघ आधी.”

“मला मेल्याहून मेल्यासारखं वाटतंय.”

“मग ते फोनवर सांग की.”

तू फोनपाशी जायचीस आणि फोन पुसून परत यायचीस. दुसऱ्याच्या बाहीला ‘उसव’ म्हणणारी तू. आठवडा संपला आणि जागा दुसऱ्या शाळेला गेली. त्या पोरीने शाळेत एक शब्द काढला नाही. ती रोज हजर, रोज तिसऱ्या रांगेत. ती भांडली असती तर तुला सोपं गेलं असतं.

नंतर तुझी लाज सगळ्या घरभर झाली. इस्त्रीच्या दुकानावरून जायला नको म्हणून तू लांबच्या रस्त्याने शाळेत जायला लागलीस. कपडे तिकडे द्यायचे नाहीत आणि घरी इस्त्री करायला बसलं की तुला तो शर्ट आठवतो, तेव्हा भावजी बँकेत चुरगळलेल्या शर्टाने जाऊ लागले. एकदा मला म्हणाले, “वहिनी, साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना?” मी त्यांना काय सांगणार? आणि खरं सांगते, मीही आता बाजारात जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जाते. तो माणूस मला बघून पूर्वीसारखाच हात कपाळाला लावतो. त्याला बहुतेक काहीच माहीत नाही. मान खाली घालायचं मला काय कारण, असं म्हणते आणि घालते.

शेवटी मीच म्हटलं, चल, दोघी जाऊ. तुला सबब लागते म्हणून माझ्या खिडकीचे पडदे काढले, धुतले, गाठोडं बांधलं. इस्त्रीला टाकायचं निमित्त करायचं आणि तू त्या पोरीला सांगायचं. काय सांगायचं तेही ठरलं होतं. ‘तुझं पान मला आवडलं होतं. मी खोटं बोलले.’ दोनच वाक्यं. तू जिन्यात ती पाठ करत होतीस.

कोपऱ्यापर्यंत गेलो. ती दुकानातच होती, बापाच्या जागी उभी. शाळेचा सदरा, बाह्या वर दुमडलेल्या. इस्त्री झालेला शर्ट पालथा घालायची, पाठीवर पुठ्ठा ठेवायची, दोन्ही बाजू त्यावर दुमडायची, पुठ्ठा ओढून काढायची आणि पुढचा शर्ट घ्यायची. शेजारी थप्पी लागली होती, एका मापाची. कडेला कड.

तू वळलीस. मी गाठोडं घेऊन रस्त्यात एकटी उभी. मागून आले तर तू म्हणालीस, “उद्या, ताई. उद्या नक्की.”

मी एकटीनेही जाऊ शकले असते. पण ती दोन वाक्यं माझ्या तोंडून गेली असती तर ती निंदा झाली असती, माफी नव्हे. म्हणून थांबले. तो उद्या काही आला नाही. मुलगी शाळा संपवून गेली. दुकान आहे तिथेच आहे.

गाठोडं माझ्या दाराजवळच्या स्टुलावर आहे, गाठ न सोडलेलं. खिडकी उघडीच. समोरच्या घरातली माणसं आता मला सकाळी हात करतात, मीही करते. तू वर आलीस की स्टुलाकडे पाठ करून बसतेस, म्हणून हे लिहिलं. मी संध्याकाळी चपला घालूनच बसलेली असते.