पाइप कुठे टाकायचे, हे सासूबाईंना विचारा!

मंडळी, आज राळेगावजवळच्या आमच्या शेतातल्या नाल्यावर पाइप टाकून रस्ता केला. पावसाळ्यात पलीकडच्या कपाशीपर्यंत पोचताच येत नाही.

नाला सध्या कोरडा आहे. मी दाखवलं तिथे, मधोमध, मिस्त्रीने पाइप ठेवले. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या.

"उचला ते! पानी त्या बाभळीकडून येते. पहिल्याच पुरात सारं वाहून जाईन."

मिस्त्री हसला. "आजी, इंजिनेर हाय का तुमी?"

"चाळीस वर्सं इथूनच कपाशी निंदाले गेली मी, कमरेएवढ्या पान्यातून. तू कितीदा गेलतास?"

त्याने बाभळीकडे खोदून पाहिलं. हातभर खाली ओली वाळू लागली. त्याने पाइप तिकडे सरकवले.

"सावलीत बसा," एवढंच मी त्यांना आजवर सांगत आले. तुमच्या घरी कोणाला विचारायचं राहून गेलंय?