भाऊजी बोडीत काय शोधत होते

आमचे भाऊजी नामस्मरण करता करता गेले नाहीत.

ते बदकाची अंडी शोधता शोधता गेले.

सकाळपासून भजन मंडळाच्या ग्रुपवर फिरतंय, 'बोडीच्या काठी ध्यानस्थ असताना देह ठेवला.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

ध्यानस्थ म्हणे! पँट गुडघ्यापर्यंत वर, पायांना चिखल. असा कोण ध्यानाला बसतो?

म्हणून लिहितेय. ताईला विचारून लिहितेय.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. आलापल्लीजवळ घर, मागे थोडं धान, धानाच्या पाण्यासाठी बोडी, म्हणजे छोटं तळं. नोकरी लाकूड डेपोत. सागाचा ओंडका नुसता ठोकून आतून पोकळ आहे का ते सांगायचे. यांचं स्वतःचं डोकं ठोकून पाहायची गरज कधी पडली नाही.

गळ्यात माळ. घरात अंड्याचं नाव काढायचं नाही.

आम्ही बहिणी सिरोंच्याकडच्या, बदकांत वाढलेल्या. लग्न झालं आणि ताईची अंडी बंद झाली. माझ्याकडे भद्रावतीला आली की पोटभर खायची.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. अंगात रक्तच राहिना. डॉक्टर म्हणाले, अंडी खा.

मी ट्रे घेऊन गेले. तिनं हात लावला नाही.

"ज्याईनं एवढी वर्सं खाऊ नाई देल्लं, त्याईनंच आपल्या हातानं आणून द्यावं. तवाच खाईन."

आता सरळ डोक्याचा माणूस काय करेल? दुकानात जाईल.

पण दुकानदार मंडळात टाळ वाजवतो! माळकऱ्यानं अंडी घेतली, हे गावभर होईल ना.

म्हणून या महाशयांनी बदकं पाळली. लोकांना सांगितलं, "धानातले किडे खातेत."

तेलुगू मुलखातून बदकांचे कळप चारत लोक येतात, त्यांच्याकडून घेतली. ताईला झोप लागत नाही, कलकल नको, म्हणून कळपातली शांत शांत निवडून आणली.

महिने गेले. एक अंडं नाही. मी गेले, पाहिलं, आणि ओट्यावर बसून हसले.

"भाऊजी, हे सारे नर हायेत."

"तुले कसं समजलं बाई?"

"मादी बोंबलते. नराचा आवाज बसल्यासारखा येते. तुमी सारे मुके उचलून आणले."

खाली मान घालून म्हणाले, "मंग बोंबलणाऱ्या आणतो."

आणल्या. आणि त्यांना खाऊ काय घातलं? मंडळाचा उरलेला शिरा! बदकं मंडळाच्या अध्यक्षासारखी फुगली.

मी म्हटलं, शिंपले कुटून द्या, नाहीतर अंड्याला कवच कुठून येणार?

"शिंपल्यात जीव असते."

मग रिकामे शिंपले शोधत बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर फिरायचे, आणि दुपारभर खलबत्त्यात कुटत बसायचे.

शेवटी बदकं अंड्यावर आली. आणि इथे या माणसानं कळसच केला.

बदक अंडं घालतं पहाटेपासून सकाळपर्यंत. तोवर खुराड्यात कोंडून ठेवलं तर अंडं तुमचं, सोडलं तर पाण्यातलं. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं. हे मात्र काकड्याला उठले की आधी खुराडं उघडणार. बदकं थेट बोडीत, अंडी चिखलात.

फोनवर घसा बसेपर्यंत ओरडले मी. "ऊन चढेपर्यंत सोडू नका."

"जीव कोंडून काढलेलं अंडं तिच्या पोटात गेलं तं पाप तिले लागन."

रोज सकाळी स्वतःच चिखलात उतरायचे, पायानं चाचपडत. मिळायची ती नासकी, नाहीतर मुंगसानं फोडलेली. ती ताईला कशी देणार?

काल सकाळी असेच बोडीतून वर आले, पाळीवर बसले, आणि तिथेच अटॅक.

मंडळाचे लोक आधी पोचले. त्यातल्या एकानं भाऊजींच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं आणि गुपचूप बेशरमाच्या झुडपात टाकलं. शेजारची मडावीबाई तिथेच धुणं धूत होती. सगळे गेल्यावर तिनं ते उचललं.

आज सकाळी पदरात घेऊन आली, ताईपुढे ठेवलं.

"भाऊच्या खिशातलं हाय, बाई."

अंडं. मोठं, निळसर, वर चिखल वाळलेला.

मी म्हटलं, "ताई, नको. किती दिवसांचं असन कोणाले मालूम."

तिनं गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी आणायला लावलं. नासकं अंडं तरंगतं. हे तळाशी जाऊन आडवं पडलं.

ताजं होतं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मडावीबाईनं आपल्या घरून उकडून आणलं. मंडळाची माणसं ओसरीवर बसलेली. ताईनं त्यांच्यासमोरच सोलायला घेतलं.

एकजण चाचरत म्हणाला, "बाई, आज तरी..."

"त्याईनं माह्यासाठी आणलं हे," ताई म्हणाली. "तुमी फेकून देल्लं होतं."

तिनं ते बिनमिठाचं, सगळंच्या सगळं खाल्लं. मला विचारलंसुद्धा नाही.

काल मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं. रागानंच आलं. बायकोला एक अंडं द्यायला माणसाला अख्खा जन्म लागतो का हो?

भाऊजी, तुमच्याएवढा बावळट आणि भित्रा माणूस मी पाहिला नाही. तुमच्याशिवाय या घरी यायला मला अजिबात आवडणार नाही.

अंडं ताईला पोचलं.

आता सुखानं जा.