परक्या मशीनवरचा ट्रक

बातमी मी शनिवारी सकाळी फोनवर वाचली आणि पप्पांना लगेच सांगितली नाही. ज्या कंपनीच्या सेवेवर पप्पा आणि मामा टीव्हीवर ट्रक चालवतात, ती सेवा पुढे चालू राहणार की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्या विभागातली बरीच माणसं कमी केली होती, नवे खेळ येणं थांबलं होतं आणि कंपनी गोल गोल बोलत होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जुन्नरचा बाजार, म्हणजे मामा येणार. दोघांना एकदमच सांगू, असं मी ठरवलं.

मामा हे माझे सख्खे मामा नाहीत. आम्ही मारवाडी जैन. पणजोबा राजस्थानातून आले आणि पेठेत किराणा दुकान घालून इथलेच झाले. मामा मढ गावाकडचे धनगर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचे, मामांनी शेती धरली, तरी थोडी मेंढरं अजून राखून आहेत. शाळेसाठी त्यांना जुन्नरला आत्याकडे ठेवलं होतं, तिथे वर्गात पप्पांच्या शेजारी बसायला मिळालं, आणि तेव्हापासूनचं हे अरे-तुरे. दुकान होतं तोवर मामा बाजारच्या दिवशी यायचे, गुळाच्या ढेपांशेजारी पोत्यावर बसायचे, गिऱ्हाइकांशीही बोलायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे.

मग पप्पांचे गुडघे गेले. ऑपरेशन झालं, दुकान बंद करावं लागलं. मी पुण्याच्या नोकरीचं काम घरून करायची परवानगी काढून जुन्नरला आले, तेव्हा पप्पा सोफ्यावर बसून हिंदी मालिका बघत होते आणि मालिकेतल्या माणसांना सल्ले देत होते. मामांचं येणं जवळजवळ थांबलं होतं. एकदा बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, घरी का येत नाही? ते म्हणाले, "दुकानात बसता येतं गं. घरी आलं की पावणा व्हतो. तुझी मम्मी चहा टाकती, मग खायाला करती, मलाच अवघडल्यासारखं व्हतं."

ट्रकचा खेळ मी पप्पांसाठी आणला, मामांसाठी नाही. आधी दुसराच एक खेळ लावून दिला होता. त्यात पहिल्याच मिनिटाला हातात बंदूक आली. पप्पांनी रिमोट, म्हणजे खेळाचा तो दोन मुठींचा कंट्रोलर, शांतपणे टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, यात माणसं मारायची असतील तर मला नको. मग मी हा खेळ शोधला. कुठल्या तरी डोंगराळ परक्या मुलुखात ट्रक चालवायचा, एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवायचा. बस. पप्पांनी आयुष्यभर मोपेडच चालवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रक गोदामाच्या भिंतीवर घातला आणि भिंतीची माफी मागितली.

ट्रक चालू झाल्याची बातमी बाजारात कुणाकडून तरी मामांना कळली. पुढच्या रविवारी ते भाजीची पिशवी घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले की शेठ, तू ड्रायव्हर झालास म्हणतात, बघू तरी. त्या दिवसापासून ते क्लीनर झाले. पप्पा चालवायचे, मामा शेजारी बसून वळणं सांगायचे. उतार कुठे लागणार हे मामांना डोंगराच्या अंगावरून कळायचं. पप्पा रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला थांबायचे. माल निवडताना आधी नीट वाचायचे. मासे, मटण, दारू, अंडी यांतलं काही असलं की पुढे जायचे. मामा हसून लोटपोट व्हायचे.

"आरं, ट्रक खोटा, रस्ता खोटा, अंडीबी खोटी."

"माझा नियम खोटा नाही ना," पप्पा म्हणायचे.

सूर्य मावळायच्या आत पप्पांना जेवायचं असतं आणि मामांना शेवटची गाडी गाठायची असते, त्यामुळे ट्रकही दिवसाउजेडीच थांबायचा. पर्युषणात पप्पांनी कंट्रोलरला हात लावला नाही. त्या रविवारी मामा आले, नुसता चहा घेऊन गेले, आणि मम्मी म्हणाली की अवघडले नाहीत.

तर बातमी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ती दोघांना सांगितली. आधी हा ट्रक आपल्या घरात नाहीच, हे पुन्हा समजवावं लागलं. खेळ कंपनीच्या मशीनवर चालतो, ती मशीनं कुठे तरी लांब असतात, आपल्याकडे फक्त चित्र येतं आणि आपण बटण दाबलं की ते तिकडे जातं. कंपनीने मशीनं बंद केली की ट्रक, आतापर्यंतचा प्रवास, सगळं जाऊ शकतं.

"मंजी गाडी भाड्याची," मामा म्हणाले.

पप्पांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, नवे खेळ येत नाहीत असं कधीपासून? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आम्हीही शेवटी शेवटी माल भरणं कमी केलं होतं, म्हणाले. गिऱ्हाईक विचारायचं, शेठ, दुकान बंद करताय का? मी म्हणायचो, छे, कोण म्हणतं. त्यांच्या आवाजात कंपनीवर राग नव्हता. उलट जरा कळवळाच होता.

मामांची अडचण वेगळी होती. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मंचरच्या दवाखान्यात ठरली होती, आणि आपला डोळा बरा होईपर्यंत ट्रक राहील का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मला काय माहीत? मी कंपनीला लिहून विचारलं. गोड भाषेत उत्तर आलं, त्यात माझे आभार मानले होते आणि बाकी काही नव्हतं.

ऑपरेशनला पप्पा मामांबरोबर गेले. गुडघ्यांनंतर ते पहिल्यांदाच तालुक्याबाहेर पडले होते. मी गाडी चालवत होते आणि पप्पा पुढच्या सीटवरून मला मंचर येईपर्यंत गिअर कधी टाकायचा ते शिकवत होते. मामा मागे पिशवी छातीशी धरून बसले होते. घाबरले होते ते. दवाखान्याच्या दारात पप्पांनी त्यांचा हात धरला, आणि कुणी कुणाला आधार दिला ते मला सांगता येणार नाही, कारण पायरी चढताना दोघेही सारखेच डगमगत होते.

डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका असं सांगितलं होतं. मामांनी त्याचा अर्थ टीव्हीकडे पाठ करून बसायचं असा घेतला. पुढचे काही रविवार काळा चष्मा लावून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि पप्पा ट्रक चालवता चालवता रस्ता बोलून दाखवायचे. डावीकडे तळं आलं. आता पूल. समोर एक बस हळू चाललीय, मी तिच्या मागे आहे, मला घाई नाही. आपले पप्पा इतकं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. दुकानात ते भाव सांगायचे आणि पुडी बांधायचे.

मामा मधूनच विचारायचे, "मेंढरं?"

"आहेत. वरच्या अंगाला चरतायत."

ही मेंढरं पहिल्या दिवसापासूनची. त्या डोंगरावर दूर पांढरे ठिपके दिसायचे, मामांनी ते बघून मेंढरं हायत म्हटलं आणि पप्पांनी हो म्हटलं होतं. तेव्हापासून कुठल्याही घाटात मामा आधी कळप शोधायचे. रान चांगलं आहे, पाणी जवळ आहे, पण राखणारा दिसत नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

डोळा बरा झाला. सेवा अजून चालू होती. मामा खुर्ची टीव्हीसमोर घेऊन बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ नुसतेच बघत राहिले. रस्त्याकडेची पानं दिसतात, म्हणाले. मग घाट आला आणि ते पुढे वाकले.

"शेठ, ह्ये दगड हायत."

पप्पांनी ट्रक कडेला घेतला. "हो."

"तुला ठावं व्हतं?"

"पहिल्यापासून."

"मंग सांगायचं न्हाई?"

"तुला मेंढरं दिसत होती. मी कशाला दगड म्हणू?"

मला वाटलं मामा चिडतील. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. पप्पा एका हाताने ट्रक पुन्हा रस्त्यावर घ्यायचा प्रयत्न करत होते, ते काही जमत नव्हतं.

त्यानंतर कंपनीचा ईमेल आला. सेवेत बदल होणार आहेत, काही खेळ काढले जातील, कोणते आणि कधी ते नंतर कळवू, असं त्यात होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी विचारलं, ट्रकचं काय? ट्रकचं नाव त्यात नव्हतं.

पप्पा म्हणाले की आपली गाडी माल भरून दुसऱ्याच्या रस्त्यात उभी आहे, ती तशी सोडून चालणार नाही. आधी हातातला माल पोचवू आणि गाडी जागेवर लावू. मग कंपनीला काय करायचं ते करू दे. त्या रविवारी बाजार आटोपून मामा लवकर आले. माल होता लाकडाचा, रस्ता लांबचा. मध्ये लाईट गेली, परत आली. पेठेत खोदकाम चाललं होतं, त्यामुळे नेट अडखळत होतं आणि ट्रक थांबून थांबून पुढे उडी मारत होता. पप्पांनी माल पोचवला, रिकामा ट्रक आपल्या सुरुवातीच्या गावी आणला आणि गोदामाच्या आवारात उलटा लावला. उलटा लावणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मामा उभे राहून हातवारे करत होते, येऊ दे, येऊ दे, बास. भिंत वाचली.

टीव्ही बंद केल्यावर खोलीत मम्मीच्या कुकरचा आवाज तेवढा राहिला. मामांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारात थांबले.

"बंद पडलं तर रं?"

"पडू दे," पप्पा म्हणाले. "तू ये."

मामा बरं म्हणाले आणि स्टँडकडे गेले.

पुढच्या रविवारी त्यांना दारात बघून मला हायसं वाटलं. त्यांनी कोथिंबिरीची जुडी मम्मीच्या हातात दिली आणि चालू हाय का विचारलं. चालू होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले की आता गाडी लावली आहे, तिला काढणं बरं दिसेल का? मामा म्हणाले, गाडी उभी ऱ्हायली की खराब व्हती.

तेव्हापासून दर रविवारी ते माल पोचवतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत ट्रक परत आवारात आणून लावतात. त्यामुळे लांबचे रस्ते होत नाहीत, जवळपासच्या गावांतच फिरणं होतं. कंपनीकडून अजून नक्की काही कळलेलं नाही. गेल्या रविवारी बिस्किटांचा माल होता. मामा चालवायला शिकतायत आणि पप्पा शेजारी बसून त्यांना लाल दिव्याला थांबवतायत.